श्रीरामपूर ते समालोचन कक्ष : झहीर खानची दुसरी खेळी

निवृत्त क्रिकेटपटूने हाती माईक घेणे यात आता नवल उरलेले नाही. तरीही अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचा अहमदनगर) श्रीरामपूरचा सुपुत्र झहीर खान याची मैदानाबाहेरील वाटचाल लक्षात घेण्याजोगी आहे. नामांकित खेळाडू चांगला विश्लेषक होतोच असे नाही. झहीर मात्र ठरला, आणि त्याचे कारण त्याच्या कारकिर्दीतच सापडते.

श्रीरामपूरच्या न्यू मराठी प्राथमिक शाळेत शिकलेला झहीर सतराव्या वर्षी मुंबईत आला. सुधीर नाईक यांच्या मार्गदर्शनानंतर चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये त्याची गोलंदाजी घडली. २००० मध्ये नैरोबीत एकदिवसीय आणि ढाक्यात कसोटी पदार्पण झाले. ९२ कसोटींत ३११, तर २०० एकदिवसीय सामन्यांत २८२ बळी ही त्याची कमाई. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली.

या आकड्यांपेक्षा बोलके आहेत दोन अंतिम सामने. २००३ मध्ये जोहान्सबर्गला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या. २०११ मध्ये वानखेडेवर श्रीलंकेविरुद्ध पहिल्या ५ षटकांत त्याने अवघ्या ६ धावा देऊन १ बळी घेतला. त्या स्पर्धेतील त्याचे २१ बळी सर्वाधिक बळींच्या यादीत संयुक्तपणे अव्वल ठरले. मधल्या काळात दुखापती आल्या, संघातील स्थान गेले. २००६ मध्ये वूस्टरशायरकडून कौंटी चॅम्पियनशिपमध्ये ७८ बळी घेताना त्याने आपली गोलंदाजी नव्याने बांधली. वेगाचा हव्यास सोडून टप्पा, चेंडूची शिवण आणि फलंदाजाच्या मनाचा अंदाज यांवर भर दिला. जो स्वतःच्या कौशल्याची मोडतोड करून पुन्हा जुळणी करतो, त्याला ते इतरांना समजावूनही सांगता येते.

क्रिकबझ आणि पुढे जिओसिनेमावरील त्याच्या विश्लेषणाचे बळ येथेच आहे. आवाज चढवून वातावरण तापवण्यापेक्षा पुढचा चेंडू कसा असावा आणि का, हे सांगण्याकडे त्याचा कल असतो. तालुक्याच्या गावात वेगवान गोलंदाजीचा जाणकार प्रशिक्षक मिळणे अवघड असते. तेथील मुलासाठी असे विश्लेषण ही मोफत शिकवणीच ठरते.

मात्र एक प्रश्न उरतो. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून मराठी समालोचनाची वाट रुळवली. २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमाने १२ भाषांत समालोचन दिले, त्यात मराठीही होती. परंतु त्याच हंगामात मराठी समालोचन करणारा केदार जाधव बंगळुरू संघाकडून खेळण्यासाठी कक्ष सोडून गेला. झहीरही मुंबई इंडियन्सच्या व्यवस्थापनातून पडद्यावर आणि २०२५ च्या हंगामात लखनऊ सुपर जायंट्सच्या मार्गदर्शकपदी, असा फिरता राहिला. अशा ये-जा करण्यातून विश्लेषकाला ताजी माहिती मिळते, हे खरे. पण काल ज्या संघाचे वेतन घेतले वा उद्या घ्यायचे आहे, त्याच्याविषयी तो आज किती परखड बोलेल? निर्णय यंत्रणांनी घ्यायचा आहे. निदान विश्लेषकाचे संघांशी असलेले संबंध प्रेक्षकाला स्पष्ट सांगितले जावेत.

मराठी समालोचन टिकायचे तर तेथे नामवंतांची हजेरी पाहुण्यासारखी असून भागणार नाही. मराठी शाळेतून आलेल्या झहीरसारख्या जाणकाराने रिव्हर्स स्विंगचे मर्म मायबोलीतून उलगडले, तर त्याचा पहिला लाभ श्रीरामपूरसारख्या गावांनाच होईल.