निर्दोष सुटला, तरी नोंद का उरते?

गुन्ह्याची जुनी नोंद बंद करण्याचा विषय निघाला की ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण हटकून पुढे येते. नोंद पुसली तर गुन्हेगारांना मोकळे रान मिळेल, समाजाला सावध राहण्याचा हक्क आहे, असे बजावले जाते. मला हे साफ अमान्य आहे. हीच समजूत इंग्रजांनी १८७१ साली कायद्यात उतरवली आणि जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. तरीही चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. संशयाची सवय कागदावरून माणसाच्या नजरेत उतरते, ती अशी.

ही नोंद कशी आडवी येते ते पाहा. पोलीस भरतीची मैदानी आणि लेखी परीक्षा पार केलेल्या पोरापुढे साक्षांकन नमुना येतो. कधी अटक झाली होती का? खटला चालला होता का? दंड झाला होता का? जत्रेतल्या भांडणात भावकीने घरातल्या सगळ्यांबरोबर याचेही नाव फिर्यादीत गोवलेले असते. चार-सहा वर्षे तारखा पडतात आणि शेवटी कोर्ट निर्दोष सोडते. आता ‘होय’ लिहावे तर नेमणूक अडते, ‘नाही’ लिहावे तर माहिती दडवली म्हणून जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात थोडी वाट दिली: गुन्हा किरकोळ असेल तर दडवल्याकडे काणाडोळा करता येईल. पण त्याच निकालात हेही आहे, की उमेदवाराने निकाली खटल्याची खरी माहिती दिली तरी त्याला नेमलेच पाहिजे अशी सक्ती नाही. कोर्टात सुटलेला पोरगा कचेरीत पुन्हा आरोपी होतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की सुटलेले सगळेच निष्पाप नसतात. साक्षीदार फितूर होतात, संशयाचा फायदा मिळतो. खरे आहे. पण ती शंका मिटवण्याची जागा अपिलाची आहे. सरकार अपील करत नाही, मुदत उलटून जाते, आणि मग ज्याने एकही साक्ष ऐकली नाही असा अधिकारी ‘सुटका सन्मानपूर्वक होती का’ हे ठरवतो. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात सुटकेचा असा वेगळा दर्जा कुठेही नाही.

राहिला सुरक्षिततेचा मुद्दा. ब्रिटनमध्ये १९७४ पासून कायदा आहे: शिक्षा भोगून ठरावीक वर्षे नीट वागलेल्या माणसाला जुनी शिक्षा सांगावी लागत नाही. मोठ्या शिक्षा आणि लहान मुलांशी संबंध येणारी कामे त्यातून वगळलेली आहेत. आपल्याकडेही २०१५ च्या बाल न्याय कायद्यात नोंद नष्ट करण्याची तरतूद आहे. अपवाद काही निर्घृण गुन्ह्यांचा. मग सतरा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलाला जे मिळते, ते त्याच भांडणातल्या अठरा वर्षे एक महिन्याच्या मुलाला कधीच का मिळू नये? आणखी एक पाहा. दोन वर्षांची शिक्षा झालेला माणूस सुटकेनंतर सहा वर्षांनी लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार निवडणूक लढवू शकतो. कायदे करायला तो चालतो आणि निर्दोष सुटलेला पोरगा शिपाई म्हणून चालत नाही, हा कुठला न्याय?

म्हणून मागणी स्पष्ट आहे. निर्दोष सुटलेल्याची नोंद अपिलाची मुदत संपताच, अर्ज न मागता, बंद व्हावी. किरकोळ गुन्ह्यात शिक्षा भोगून काही वर्षे सरळ जगलेल्यालाही तोच हक्क मिळावा. तपासासाठी पोलिसांनी आणि कोर्टाने ती खुशाल पाहावी, लैंगिक आणि मुलांवरील गुन्ह्यांतली शिक्षा तर कधीच झाकू नये. पण घरमालकाला, ठेकेदाराला आणि भरतीच्या टेबलावर ती दिसता कामा नये.

यासाठी सगळेच दिल्लीवर ढकलायचे कारण नाही. पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे आणि राज्याच्या भरतीचे नियमही राज्यच करते. साक्षांकन नमुन्यातला प्रश्न ‘कधी खटला चालला होता का’ ऐवजी ‘शिक्षा झाली आहे का, खटला प्रलंबित आहे का’ एवढाच ठेवणे मुंबईतून होऊ शकते. येत्या अधिवेशनात हा प्रश्न विचारा, असे आपापल्या आमदाराला लेखी कळवा.