प्रवासाची दृष्टी उसनी नव्हे

प्राचीन मराठीत होती ती केवळ यात्रा, ठरलेल्या क्षेत्राकडे पुण्यसंचयासाठी जाणारी, आणि ज्यात चालणारा स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो व पाहता पाहता पालटतो असा प्रवास आपल्या वाङ्मयात इंग्रजी विद्येबरोबर आला, असे एक मत पुण्याच्या विद्वन्मंडळींत प्रचलित आहे. क्षेत्रमाहात्म्यांपुरते ते मला मान्य आहे. त्यांत वाटसरू जवळजवळ नसतोच. परंतु तेराव्या शतकातील म्हाइंभटाचे ‘लीळाचरित्र’, म्हणजे मराठी गद्याचा आद्य ग्रंथच, महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या अखंड भ्रमणावर उभा आहे, आणि त्यात मुक्कामाचे गाव, देऊळ, वाटेत भेटलेला सामान्य माणूस यांची जी बारीक नोंद आहे, ती कोणत्या विलायती ग्रंथावरून आली?

याहून बळकट दाखला विष्णुभट गोडशांचा. वरसईचा हा भिक्षुक उत्तरेकडे निघाला तो मोक्षासाठी नव्हे, तर घरचे कर्ज फेडता येईल एवढी दक्षिणा ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात मिळेल या आशेने. आणि १८५७ च्या बंडात सापडून, पुढल्या वर्षी झाशीचा वेढा व शहराची लूट स्वतः भोगून, अखेर गंगेची कावड घेऊन तो घरी परतला. यावर प्रतिपक्ष म्हणेल, की या भ्रमंतीचा त्याचा वृत्तान्त ‘माझा प्रवास’ लिहवून घेतला चिंतामणराव वैद्यांनी आणि १९०७ साली छापलाही त्यांनीच, तेव्हा ती दृष्टी इंग्रजी शिकलेल्या संपादकाची. वैद्यांनी मजकुरावर हात फिरवला, हे खरे. पण १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखिताबरहुकूम ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा वैद्यांचा हात गळून पडला आणि भटजींची भीती, भूक, कुतूहल अधिकच उघडी झाली. इंग्रजी विद्येचा गंध नसलेल्या माणसाने हे पाहिले होते, आणि त्याचे श्रेय दुसऱ्याच्या खाती मांडणे हा मला अन्याय वाटतो.

यात्रा व प्रवास यांच्यामधील भिंतही अशीच कल्पित आहे. पुण्याच्या इरावतीबाई कर्वे, समाजशास्त्राच्या पंडिता, वारीबरोबर पंढरीला चालत गेल्या. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसतात याचे शल्य त्यांनी लिहिले, आणि त्याच लेखात विठ्ठलाच्या वाटेवरील आनंदही लिहिला. त्यातला कोणता परिच्छेद यात्रेचा आणि कोणता प्रवासाचा, हे प्रतिपक्षाने दाखवून द्यावे.