गॅस गेला कुठे?

नवतपा लागला आणि आंधळगावहून मावसबहिणीचा फोन आला. "दादा, एसी नुसती हवा फेकून रायला. मिस्तरी म्हणते, गॅस भरा लागते." मागच्या उन्हाळ्यातही गॅसच भरला होता. मी तिला सांगितलं, मी येतो, तोवर कोणाला नळीला हात लावू देऊ नको.

दरवर्षी मे महिन्यात मला हेच ऐकू येतं आणि दरवर्षी जीव तुटतो. एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरतो, खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. गळती न शोधता वरून भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

आंधळगाव हे कोशाच्या कापडाचं गाव. बहिणीच्या पुढच्या खोलीत माग आहे, लगतच्या खोलीत एसी. झाकण उघडून फिल्टर काढला, तर कोशाच्या बारीक तंतूंची आणि धुळीची चक्क गोधडी बसलेली. नळाखाली धुतला, वाळवून परत लावला. झोत वाढला, पण गारवा आला नाही.

मग अंगणात गेलो. बाहेरचं यंत्र पुढून स्वच्छ दिसत होतं. पुढून ते तसंच दिसतं, कारण त्याचा पंखा मागच्या बाजूने हवा ओढतो आणि पुढे फेकतो. घाण बसते ती भिंतीकडच्या बाजूला, आणि तिथे कोणी वाकून पाहत नाही. शेजारी उन्हाळी धानाची मळणी झाली होती. जाळीच्या फटीफटीत भुसा ठासून भरला होता. यंत्राला ऊन लागू नये म्हणून जावयांनी हिरवी नेट चारी बाजूंनी गच्च बांधलेली. मायेने बांधली होती, पण यंत्राचा श्वासच कोंडला होता.

एसीवर लिहिलेली एक टन, दीड टन ही क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजतात. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असतो. म्हणजे यंत्र आधीच दमलेलं, त्यात हा भुसा. मेन स्विच पाडून पाइपच्या हलक्या धारेने मागची बाजू धुतली. जोराची धार मारायची नाही, अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या वाकतात. बराच वेळ काळं पाणी वाहत राहिलं. आतलं झाकण मात्र घरच्यांनी उघडू नये. तिथला कपॅसिटर वीज बंद केल्यावरही झटका देऊ शकतो.

मिस्त्रीचा दुसरा मुद्दा असा, की नळीतून पाणी टपकत नाही, म्हणजे गॅस नाही. हा मुलगा कष्टाळू आहे, त्याला कोणी नीट शिकवलेलंच नाही. टपकणारं पाणी हवेतल्या ओलाव्याचं असतं. मेमध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की टपकायला फारसं काही नसतंच. म्हणून तर या दिवसांत कूलर छान चालतो आणि जुलैत चिकचिक करतो.

संध्याकाळी एसी लावला. आधी स्टॅबिलायझरवरचा आकडा पाहिला. व्होल्टेज फार पडलं तर कॉम्प्रेसर उठत नाही, आतला पंखा तेवढा फिरतो आणि तेव्हाही 'नुसती हवा'च येते. आकडा ठीक होता. वीस मिनिटांनी जाड नळीला हात लावला, माठाच्या अंगासारखी गार. थर्मामीटर धरला. यंत्रात जाणारी हवा ३४ अंश, बाहेर येणारी २३. गॅस जागेवर होता.

खरंच गळती असती, बारीक नळीवर बर्फ चढला असता, तर मी मिस्त्रीला चार गोष्टी करायला लावल्या असत्या. नायट्रोजनने दाब धरून साबणाच्या फेसाने जोड तपासायचे, गळती बुजवायची, व्हॅक्यूम पंप लावायचा आणि मग गॅस वजनाने भरायचा. किती ग्रॅम, ते बाहेरच्या यंत्राच्या पट्टीवर छापलेलं असतं. अंदाजाने जास्त भरला तरी गारवा जातो. शिवाय हा गॅस हवेत सोडणं पाप आहे. एसीतल्या आर-४१०ए गॅसचा एक किलो दोन हजार किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी पृथ्वी तापवतो. आर-३२ त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, पण तोही कमी नाही.

सकाळी मी निघालो तेव्हा जावई चार बांबू रोवत होते. तीच हिरवी नेट आता यंत्रापासून हातभर उंच, मांडवासारखी ताणली होती. मिस्त्रीही आला होता. वाकून मागची बाजू बघत त्याने विचारलं, "भाऊ, गॅस मोजाचा काटा कोठी भेटते?"