तळे राखी तो पाणी चाखी?

'तळे राखी तो पाणी चाखी' ही म्हण ज्याने काढली, त्याच्या परसात न्यू जर्सीतला पोहण्याचा तलाव नसणार. आमच्या चिरंजीवांच्या परसात आहे. एका मे महिन्यात आम्ही उभयता तिकडे असताना त्याचं वार्षिक उद्घाटन झालं. तेव्हापासून माझं ठाम मत आहे, की घरोघरी तलाव ही चैन नसून वेठबिगारी आहे.

तिकडचा रिवाज असा, की मेच्या शेवटच्या सोमवारी 'मेमोरियल डे' येतो, त्याच्या आत तलाव उघडायचा. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी 'लेबर डे' झाला की मिटायच्या तयारीला लागायचं. म्हणजे पोहणं चौदा आठवडे आणि उरलेले अडतीस आठवडे तलाव ताडपत्री पांघरून झोपलेला. कुंभकर्णसुद्धा सहाच महिने झोपायचा हो!

त्याला उठवायचं म्हणजे आधी ताडपत्रीवर साचलेलं पाणी पंपाने उपसायचं. त्यात कुजकी पानं होती आणि एक बेडूक होता. त्या तलावाचा आनंद मनापासून घेणारा तेवढा एकच जीव मला तिथे भेटला. मग ताडपत्री ओढायची. "बाबा, तुमचं टोक सोडू नका हं!" असं चिरंजीव ओरडले, तेव्हा मी ते नुकतंच सोडलं होतं. हिवाळ्यात पाणी गोठून नळ फुटतात, म्हणून ते रिकामे करून बुचं ठोकलेली असतात, ती काढली. गाळणी जोडली. पाणी हिरवंगार. त्यात क्लोरीनचा दणदणीत डोस ओतला. त्याला 'शॉक' म्हणतात. तो पाण्याला असतो की पाकिटाला, कोण जाणे. मग पाण्याची पीएच तपासणी. ती 7.2 ते 7.8 यांच्या मधेच पाहिजे. चिरंजीव रोज ती काचेची नळी उजेडात धरून बघत. माझी शुगर किती आहे, हे त्यांनी इतक्या काळजीने कधी विचारलं नाही.

सोळा बाय बत्तीस फुटांचा तो तलाव. पाणी सुमारे 75 हजार लिटर. आमच्या पुण्याच्या सोसायटीत दहा हजार लिटरचा टँकर येतो, तेव्हा सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर भगीरथाचं तेज असतं. इथे साडेसात टँकर नुसते पडून! त्यात पोहतं कोण? वरच्या खिडकीतून बघितलं. ओळीने पाच घरं, पाच तलाव, पाच कुंपणं. आणि प्रत्येक तलावाच्या काठी एकेक गृहस्थ लांब काठीच्या जाळीने पानं काढतोय. पोहणारा एकही नाही.

"अरे, पाचांनी मिळून एक का नाही बांधलात? नाहीतर गावचा तलाव आहेच की!" मी म्हटलं. पाठीला सुका भोपळा बांधून मी गावच्या विहिरीत कसा शिकलो, वीस पोरं एकदम कशी उड्या मारायची, हे पुराण मी लावलंच.

"बाबा, सार्वजनिक तलावात कोण कोण येतं!" चिरंजीव म्हणाले.

आणि माझं पुराण तिथेच थांबलं. हे 'कोण कोण' मी पूर्वी ऐकलं होतं, त्याच विहिरीच्या काठावर. आमच्या त्या वीस पोरांत गावातली सगळी पोरं नव्हती. काही पोरांना विहिरीची पायरीसुद्धा उतरायची मुभा नव्हती, आणि भोपळा बांधून मजेत डुंबणाऱ्या मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतलं, तर सनातन्यांनी शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं. तो आपला 'शॉक'. अमेरिकाही मागे नव्हती. कोर्टाने गोऱ्या-काळ्यांना एकत्र पोहू द्या म्हटल्यावर मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराने 1963 साली आपले सार्वजनिक तलावच बंद केले. मी पोहणार नाही, पण तुलाही पोहू देणार नाही! आणि 1971 साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ते चालवून घेतलं. परसातल्या प्रत्येक तलावामागे हाच इतिहास आहे, असं मी म्हणत नाही. चिरंजीवांच्या मनात तर असलं काही नसतं. पण 'कोण कोण' हा प्रश्न एकदा पाण्यात पडला, की कुठलंही क्लोरीन तो मारू शकत नाही. शेवटी विचारणाराच कुंपणात एकटा उरतो, हातात जाळी घेऊन.

तलावाभोवतीचं कुंपण कायद्याने लागतं, लहान मुलं पडू नयेत म्हणून. फाटकही आपोआप बंद होणारं लागतं. ते योग्यच आहे. पण फाटक उघडू नये, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. म्हणून रविवारी सकाळी मी शेजारच्या जाळीवाल्या गृहस्थांना कुंपणावरून हाक मारली. ते बायको-मुलांसकट आले आणि तासभर डुंबले. अकरा वर्षांच्या शेजारात ते पहिल्यांदाच इकडे आले होते, म्हणे.

संध्याकाळी चिरंजीवांनी पाणी तपासलं. पीएच 7.4 भरला.