सस्पेन्स खात्यातले विजय

‘उमेद वाढवणारा पराभव’ हे शब्द ज्या कोणी पहिल्यांदा एका ओळीत बसवले, तो गृहस्थ बँकेत नोकरीला नसणार, हे मी छातीठोक सांगतो. असता तर पहिल्याच संध्याकाळी हेड कॅशियरने त्याची उमेद उतरवली असती. आमच्याकडे कॅशमध्ये शंभराची नोट कमी भरली, तर "वा! फक्त शंभर? गेल्या महिन्यात पाचशे होते, प्रगती आहे हं तुमची!" असं कोणी म्हणत नाही. मुकाट्याने खिशातून काढून भरावी लागते आणि घरी जाऊन भाजीच्या पैशांचा हिशेब चुकल्याचा बहाणा करावा लागतो.

तर या शब्दांशी माझं वैर कसं जुळलं, ते सांगतो. त्यासाठी आधी अमेरिकेत जावं लागेल. घाबरू नका, मीही गेलेलो नाही. आमची एलटीसी म्हैसूर-उटीच्या पलीकडे जात नाही.

माझा भाचा नेब्रास्का नावाच्या राज्यात लिंकन गावी विद्यापीठात पीएचडी करायला गेला. (आमच्या ताईला अजून वाटतं की गावाचं नाव लिंकन म्हणजे तिथे लिंकनचं घर असणार.) त्या राज्यात मका फार. इतका, की विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचं नाव ‘कॉर्नहस्कर्स’, म्हणजे मक्याची कणसं सोलणारे. या फुटबॉलात पायाचं काम अगदी थोडं. बाकी सगळं हाताने, खांद्याने आणि डोक्याने चालतं. तासाभराचा खेळ संपायला साडेतीन तास लागतात, म्हणजे कारभार थेट आपल्या सरकारी कचेरीसारखा. पण तिथल्या लोकांचा जीव त्यात. १९६२पासून त्या स्टेडियमची तिकिटं दर सामन्याला खपत आलेली आणि हजारो माणसं लाल कपडे घालून बसलेली. भाचा महिनाभरात त्यांच्यातलाच झाला. आणि मामा म्हणून मीही झालो. वशिल्याने झालेला भक्त म्हणा हवं तर.

१० ऑक्टोबर २०२१, रविवार. तिकडे शनिवारची रात्र, इकडे पहाटेचे पाच. भाच्याने टीव्हीसमोर फोन उभा करून ठेवला होता आणि मी स्वयंपाकघरात चोरासारखा दिवा न लावता बघत होतो. समोर मिशिगन, तोवर एकही सामना न हरलेले. अर्ध्या वेळेला आमचे ०, त्यांचे १३. मी मनात म्हटलं, जाऊन झोपावं. तेवढ्यात आमच्या पोरांच्या अंगात काय संचारलं देव जाणे. शेवटच्या काही मिनिटांत २९-२६ने आम्ही पुढे! मी ‘अरे वा!’ असा ओरडलो की ही आतून म्हणाली, "अहो, चोर आला का?" मग मिशिगनने बरोबरी केली, आमच्या क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू हिसकावला गेला, आणि दीड मिनिटही उरलं नसताना त्यांनी लाथ मारून तीन गुण घेतले. ३२-२९. पायाचा उपयोग नेमका तेव्हाच झाला.

मी गप्प. फोनवर भाचा मात्र टवटवीत. "मामा, हरलो खरं, पण काय खेळलो! असा पराभव उमेद वाढवतो."

"तुझ्या उमेदीला आग लाव," मी म्हटलं. इथूनच भांडण सुरू झालं.

माझा मुद्दा असा. आता मी कॉमर्सचा पदवीधर, दुसऱ्या वर्गातला का होईना, तेव्हा माझ्या पद्धतीने मांडतो. त्या २०२१च्या हंगामात आमची टीम बारा सामने खेळली. तीन जिंकली, नऊ हरली. आणि नऊच्या नऊ पराभव ‘थोडक्यात’! सगळ्यांत मोठा ९ गुणांचा, दोन तर तीन-तीनचेच. नवांची बेरीज केली तर ५६. उलट तीन विजयांत मिळून ११९ गुणांची आघाडी. वर्षभरात आम्ही केले ३३५, आमच्यावर झाले २७२. म्हणजे वर्षअखेर ६३ शिल्लक! ट्रायल बॅलन्स नुसता बघितला तर आम्ही विजेते. हा ताळेबंद मी भाच्याला मुद्दाम पाठवला. तो म्हणाला, "बघ! तुझाच हिशेब सांगतोय, आम्ही चांगले आहोत."

अरे, हिशेब सांगतो ते चांगल्यासाठी नव्हे! बँकेत सस्पेन्स अकाउंट नावाचं एक खातं असतं. ज्या रकमेचं काय करावं हे त्या दिवशी कळत नाही, ती तात्पुरती तिथे टाकायची. ‘उमेद वाढवणारा पराभव’ ही त्याच खात्यातली एंट्री. आज जमेला धरता येत नाही, नावे टाकायला जीव होत नाही, म्हणून सस्पेन्स. एक दिवस ऑडिटर येतो आणि चष्मा कपाळावर चढवून विचारतो, "ही नोंद किती दिवसांची?" नेब्रास्काचा ऑडिटर २०२२च्या सप्टेंबरात आला. स्कॉट फ्रॉस्ट नावाचे त्यांचे कोच, १९९७ साली खुद्द याच टीमला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून देणारे क्वार्टरबॅक, त्यांना काढून टाकलं. जॉर्जिया सदर्नविरुद्धच्या पराभवानंतर. ४५-४२. तोही थोडक्यातच! मधल्या वर्षभरात फ्रॉस्टसाहेबांचा पगार पन्नास लाख डॉलरवरून चाळीस लाखांवर आणला होता. नऊ वेळा हरून चाळीस लाख डॉलर मिळत असतील, तर उमेद वाढेल नाही तर काय होईल? माझीसुद्धा वाढेल.

माझा राग हरण्यावर नाही. हरावं माणसाने, पण हरलो म्हणावं. याच नेब्रास्काचे टॉम ऑस्बोर्न म्हणून कोच होते. २ जानेवारी १९८४, मायामीत ऑरेंज बोल. नेब्रास्का बारापैकी बारा जिंकून आलेली, पहिल्या क्रमांकावर. शेवटचं पाऊण मिनिट राहिलं असताना ३१-३०. आता नुसता चेंडू लाथाडून एक गुण घेतला की बरोबरी, आणि बरोबरीतही अजिंक्यपद बहुतेक पदरात पडलं असतं. आपण काय केलं असतं? मी तर दोन्ही हातांनी बरोबरी घेतली असती, वर पेढे वाटले असते. ऑस्बोर्न दोन गुणांसाठी गेले. पास टाकला, समोरच्याची बोटं लागली, चेंडू खाली. हरले. याला मी पराभव म्हणतो. आमच्या मुंबईचं बघा. १९९१च्या मे महिन्यात वानखेडेवर रणजीच्या अंतिम सामन्यात हरियाणाकडून २ धावांनी हरलो. वेंगसरकर १३९वर नाबाद, आणि मैदानातच रडले. कोणाची छाती होती त्यांना जाऊन सांगायची, की साहेब, उमेद वाढली हं?

"पण मामा," भाचा म्हणाला, "ऑस्बोर्ननी पुढे १९९४, ९५ आणि ९७ला अजिंक्यपद मिळवलंच की. त्या हरण्यातूनच."

"मधली दहा वर्षं कोणी मोजायची?" मी म्हटलं. उत्तर काही फार बरं नव्हतं, पण आयएसडीच्या काळातली सवय, मी फोन ठेवून दिला. आता फोनला पैसे पडत नाहीत, हे नंतर आठवलं.

खरं सांगायचं तर माझ्या आवाजातली धार फुटबॉलची नव्हती. त्याच महिन्यात माझा प्रमोशनच्या परीक्षेचा निकाल लागला होता. क्लार्कचा ऑफिसर व्हायची ती तिसरी खेप. दीड गुणाने हुकलो. शाखेत जो तो पाठीवर थोपटून जाई. "थोडक्यात! पुढल्या वेळी नक्की." मॅनेजरसाहेबांनी तर चहा मागवला. आदल्या खेपेला चार गुणांनी हुकलो होतो, तेव्हा कोणी चहा विचारला नव्हता. हिने शिरा केला. मी तो खाल्लाही. पण त्या रात्री ठरवलं, आता नाही बसायचं. साफ नापास झालो असतो तर बरं, निदान पुस्तकं रद्दीत देता आली असती.

नोव्हेंबरअखेर आयोवाविरुद्धचा सामना झाला. २१-६ने पुढे असताना २१-२८ने हरलो, आणि भाच्याचा फोन आला नाही. आठ दिवस नाही. मग ताईचा आला. पोरगं पीएचडीच्या पात्रता परीक्षेत नापास झालं होतं, जेवत नव्हतं, कोणाशी बोलत नव्हतं. "तुझं ऐकतो तो. तूच काहीतरी सांग त्याला."

मी फोन लावला. दोन महिने त्याच्या डोक्यात मीच भरवलं होतं, की थोडक्यात हुकणं म्हणजे लबाडी आहे, सस्पेन्स खातं आहे. त्याने ‘हॅलो’ म्हटलं, आणि आवाज असा की माझं सगळं वक्तृत्व चपलेत गेलं.

"किती कमी पडले रे?"

"थोडेच."

"मग झालं तर! थोडक्यातच हुकलं ना? पुढल्या वेळी नक्की."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग तो म्हणाला, "मामा, ही एंट्री कुठल्या खात्यात टाकतोयस?"

"ते बघू. ऑडिट लांब आहे," मी म्हटलं.

"आणि तुझा फॉर्म?"

ताईने त्यालाही सांगून ठेवलं होतं, हे उघड होतं. कधी नव्हे ते बहीण-भाच्याने मिळून मला कोंडीत धरलं. तो पुन्हा बसला तर मीही बसेन, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

भाचा दुसऱ्या खेपेला पास झाला. माझा निकाल २०२२च्या ऑक्टोबरात लागला. अडीच गुणांनी हुकलो. म्हणजे मागल्या खेपेपेक्षा एक गुण मागे. शाखेत या वेळी चहा आला नाही. हिने शिरा केला, पण साखर कमी होती, की मलाच तशी लागली, कोण जाणे.

रात्री भाच्याचा फोन आला. मी आधीच बजावलं, "हे बघ, उमेदीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

"नाही बोलत," तो म्हणाला. "शनिवारी मॅच आहे. पहाटे फोन लावू ना?"

"लाव," मी म्हटलं. "पण दार लोटून घेतो आधी. गेल्या वेळी ही चोर समजली होती."