फेर धरणाऱ्यांची खिरापत

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसतात, अखंड दीप तेवू लागतो, आणि दिवस मावळताच अंगणे, मैदाने व मंडळांचे मांडव फेरांनी फुलून जातात. कोठे हत्तीच्या चित्राभोवती भोंडला, कोठे अष्टमीच्या रात्री महालक्ष्मीपुढे घागर फुंकणे, तर कोठे गरबा. गुजरातच्या या गरब्यास डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. मुंबईत तर तो केव्हाच घरचा झाला आहे. श्रावणातील मंगळागौरीच्या झिम्मा-फुगड्यांचेही आता हौशी संघ निघाले असून त्यांचा सराव महिनोन्महिने चालतो. याचा आम्हांस आनंदच वाटतो. जगदंबेच्या चरणी वाहिलेला देहाचा उल्हास हीदेखील उपासनाच होय.

परंतु नऊ दिवसांचा उपवास आणि नऊ रात्रींचा फेर ही दोन्ही व्रते आज पुष्कळ घरांत एकाच व्यक्तीच्या वाट्यास येतात, आणि ती बहुधा घरची सून किंवा कन्या असते. पहाटे घटाची माळ, मग नैवेद्य, कचेरी, सायंकाळची आरती आणि रात्री दोन-तीन तास नृत्य! तिच्या पोटात मात्र दिवसभरात दोन-तीन कप चहा आणि बशीभर साबुदाण्याची खिचडी एवढेच जाते. देवीच्या नैवेद्यात कसर राहू नये म्हणून झटणाऱ्या घराने या थाळीकडेही एकवार पाहावे, एवढ्यासाठीच आजचा हा लेखनप्रपंच.

जलद फेरात शरीर स्नायूंत साठविलेली शर्करा झपाट्याने खर्च करते. पुरेसे अन्न मिळाले तरी तो साठा भरून येण्यास सुमारे एक अहोरात्र लागते. अन्न अपुरे पडल्यास दुसऱ्या-तिसऱ्या रात्री पाय जड होतात, पोटऱ्यांत गोळे येतात, तोल जातो आणि घोटा मुरगळतो. झिजलेले स्नायू सांधण्यास प्रथिने लागतात. साबुदाण्यात ती जवळजवळ नाहीतच. तो निव्वळ पिष्ट आहे. खिचडीला जे काही सत्त्व येते ते दाण्याच्या कुटामुळे. त्यातच २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशा देहाला लवकर धाप लागावी यात नवल नाही; आणि अन्नासोबत घेतलेला चहा तर अन्नातील लोह अंगी लागू देत नाही.

यावर उपाय उपवासाच्याच पदार्थांत आहे. प्रौढ व्यक्तीस दररोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत; म्हणजे ५० किलो वजनाच्या स्त्रीस चाळीस ग्रॅमच्या आसपास. दोन पेले दूध, वाटीभर दही, ५० ग्रॅम शेंगदाणे आणि ७५ ग्रॅम राजगिरा एवढ्याने ही गरज उपवास न मोडता भागते. फेरापूर्वी दोन-अडीच तास वरीचा भात व दाण्याची आमटी, किंवा राजगिऱ्याचे थालीपीठ व दही घ्यावे. निघण्यापूर्वी एखादे केळे खावे. फेराच्या मधल्या विसाव्यात थोडे थोडे पाणी, सैंधव घातलेले लिंबाचे सरबत अथवा ताक प्यावे, कारण घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. परतल्यावर तासाभराच्या आत पेलाभर दूध व राजगिऱ्याचा लाडू घ्यावा, पोटऱ्या हळुवार ताणाव्यात आणि सात तास झोप घ्यावी. स्नायूंची डागडुजी मुख्यतः विश्रांतीतच होते. एखाद्या रात्री पाय दुखत असतील तर फेराबाहेर बसून टाळ्यांचा ठेका धरावा. भक्ती त्याने उणी होत नाही.

मधुमेहावर इन्सुलिन अथवा गोळ्या घेणाऱ्यांनी, हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी घट बसण्यापूर्वीच वैद्यांचा सल्ला घ्यावा. रिकाम्या पोटी औषध आणि त्यावर नृत्य, यामुळे रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. २०२३ च्या नवरात्रात गुजरातेत गरबा खेळता खेळता काही जणांचे, त्यांत तरुणांचेही, हृदयविकाराने मृत्यू झाल्याच्या वार्ता आल्या होत्या. त्यांचा दोष उपवासाला देणे अयोग्य ठरेल. पण छातीत दाब, असह्य धाप, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे थकवा म्हणून झटकून टाकू नयेत, हा धडा मात्र घेतलाच पाहिजे. अशा वेळी फेर थांबवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आमचे स्पष्ट मत असे, की जी रात्री फेर धरते तिने निरंकार उपवास करू नये, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी तो तिच्याकडून अपेक्षू नये. पहिल्या व शेवटच्या दिवशी करावयाचा उठता-बसता उपवास आपल्याकडे रूढ आहेच. सासूबाईंनी आपल्या तोंडाने 'यंदा तू उठता-बसताच धर' असे म्हटले, तर सुनेच्या मनावरील केवढे ओझे उतरेल! भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातही आहार, विहार आणि निद्रा यांतील संयम सांगताना अतिभोजनाबरोबर निराहारही योगास बाधक मानला आहे.

आपल्या परंपरेने हे पूर्वीच ओळखले होते. भोंडल्याची गाणी संपली की खिरापत येते. ती ओळखण्याच्या गमतीत वाटल्या डाळीसारखा सकस घास दमलेल्या मुलींच्या मुखी पडतो. कोजागरीच्या जागरानंतर हाती येतो तो आटीव दुधाचा पेला. फेरामागून घास ही आपली जुनीच रीत आहे. यंदा घरची लेक-सून रात्री फेरातून परतेल तेव्हा स्वयंपाकघरात तिच्यासाठी दूध झाकून ठेवलेले असावे, आणि ते ठेवणारा हात तिचा स्वतःचा नसावा. घरातील या शक्तीची अशी जपणूक झाली तर घटापुढचा दीप अधिकच उजळेल. आई जगदंबा सर्वांस आरोग्य व बळ देवो!