दारूचा महसूल आणि अपघातांचा खर्च एकाच ताळेबंदात मांडण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

महामार्गालगतच्या गावांतील रहिवाशांचे हे निवेदन. त्यांची मागणी दारूबंदीची नाही, हिशेबाची आहे.

जून २०२५ मध्ये राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले. इतर बदल धरून महसुलात वर्षाला १४,००० कोटी रुपयांची भर अपेक्षित धरली. म्हणजे दर वाढले तरी गिऱ्हाईक फारसे घटणार नाही, हे सरकारनेच गृहीत धरले आहे. ते खरेही असावे. १८० मिलिची विदेशी क्वार्टर किमान २०५ रुपयांना, नव्या ‘महाराष्ट्र मेड’ वर्गातली १४८ ला, देशी ८० ला. वरची परवडेना तर माणूस एक पायरी खाली उतरतो. पिणे सोडतोच असे नाही.

दुसरी बाजू मात्र कोणी लिहीत नाही. २०२२ मध्ये राज्यात ३३,३८३ रस्ते अपघात झाले, १५,२२४ माणसे गेली. जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालानुसार, अपघातानंतर देशातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक गरीब कुटुंबांचे उत्पन्न घटले. कमावता हात गेला की आधी दागिना गहाण पडतो, मग शेताचा तुकडा. उत्पादन शुल्क खात्याच्या वहीत याला रकाना नाही.

२०२२ मध्येच देशभरातल्या रस्ते अपघातांतील १,६८,४९१ मृत्यूंपैकी नशेच्या नावावर नोंदले गेले ४,२०१. जेमतेम अडीच टक्के. रात्री अकरानंतर परमिट रूमसमोर लागलेल्या दुचाक्या पाहणाऱ्याला हा आकडा पटणे कठीण. मोटार वाहन कायद्यात १०० मिलि रक्तात ३० मिग्रॅ ही मर्यादा आहे, पण रक्तच तपासले नाही तर ती ओलांडली हे कळणार कसे? पंचनाम्यात मग ‘भरधाव वेग’ लिहून मोकळे होता येते. नाकाबंदी म्हटली की थर्टी फर्स्ट. एरवीच्या मंगळवारी ब्रेथ अॅनालायझर कोणत्या कपाटात असतो, हे विचारायला हरकत नसावी.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. पुढच्या मार्चमध्ये वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटर झाले, जुलैत पालिका हद्दी सुटल्या आणि २०१८ मध्ये ग्रामपंचायत हद्दींबाबतचा निर्णय राज्यांवर सोपवला गेला. या सवलतींचा लाभ घेणाऱ्या परवान्यांची तालुकावार यादी जाहीर करावी आणि ज्यांच्या आसपास वारंवार अपघात होतात त्यांचा फेरविचार व्हावा.

प्रत्येक प्राणघातक अपघातात, चालक जिवंत असो वा मृत, रक्ततपासणी सक्तीची करावी. वाढीव शुल्काचा ठरावीक हिस्सा महामार्गालगतच्या ग्रामीण रुग्णालयांतील अपघात कक्षांसाठी आणि तपासणी यंत्रांसाठी राखून ठेवावा. आणि येत्या अर्थसंकल्पात मद्याच्या महसुलाशेजारी अपघातांवरचा सरकारी खर्च व कुटुंबांच्या नुकसानीचा अंदाज छापावा.

यावर काय कार्यवाही झाली, हे लेखी कळवावे ही विनंती.

आपले नम्र,
महामार्गालगतच्या गावांतील रहिवासी

प्रत: मा. मंत्री, राज्य उत्पादन शुल्क, मा. परिवहन आयुक्त